आधी खुणा सांगा

३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

आजपासून मेंदू सुधारणा कार्यक्रम सुरू. पहिली कॅप्सूल चहाबरोबर घेतली. धाकट्या मेव्हण्याने पेपरमिंटच्या डबीत भरून दिल्या आहेत. आत कसल्याशा मशरूमची वाळवलेली पूड आहे. भरपूर घेतली तर भिंती हलतात म्हणे, आणि चिमूटभर घेतली तर डोकं धारदार होतं. मला भिंतींशी देणंघेणं नाही. मला डोकं पाहिजे, आणि तेही एकतीस तारखेच्या आत.

कारण लिहून ठेवतो, पुढे गोंधळ नको. बस कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात मी एकोणतीस वर्षं काउंटरवर आहे. कुठली छत्री कुठल्या रूटवर, कुठल्या सीटखाली सापडली, हे मी रजिस्टर न उघडता सांगतो. सगळे मला कॉम्प्युटर म्हणत. आता खरा कॉम्प्युटर आला आहे आणि नव्या मॅडमनी जाहीर केलं की रजिस्टर बंद. मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, मशीनपेक्षा मी बरा, घ्या परीक्षा. मॅडमनी ते मनावर घेतलं. एकतीस तारखेला शेल्फवरच्या वीस वस्तू, तोंडी.

हिचं वेगळंच चाललंय. हिला वाटतं मी हल्ली विसरतो. एकच गोष्ट दोनदा सांगतो, गॅस चालू ठेवून बाहेर पडतो. डोक्याच्या डॉक्टरची आज दहाची वेळ घेऊन बसली होती. ती चिठ्ठी मी कुठेतरी नीट ठेवली आहे. हिच्याकडून कबूल करून घेतलं की वीसपैकी वीस आले तर डॉक्टरचा विषय कायमचा बंद. चुकले तर जाईन. चुकणार नाहीत.

माझ्या वडिलांचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

संकल्प: रोज एकच कॅप्सूल. रोज नोंद. रजिस्टरला हात लावायचा नाही.

४ ऑक्टोबर

काहीही जाणवलं नाही. उत्तम लक्षण. मेव्हण्याने इंटरनेटवरून सहा पानं छापून दिली आहेत. त्यात पहिल्याच पानावर आहे की एवढ्या लहान डोसने काही जाणवायला नको. म्हणजे बरोबर लागू पडलं. दोन पानं वाचली. पुढे बारीक अक्षर आणि ग्राफ आहेत. सावकाश बघू.

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना आज नावाने हाक मारली. तीन महिन्यांत पहिल्यांदा आठवलं. ते आपल्या दारात उभे होते आणि दारावर पाटी होती. पण पाटीकडे मी मुद्दाम बघितलं नव्हतं.

७ ऑक्टोबर

घरी सराव परीक्षा. हिने दहा शब्द वाचले, भांडी घासून आली आणि मग विचारले. मी अकरा सांगितले. ही म्हणाली, त्यातले चारच यादीत होते. मी म्हणालो, बाकीचे सातही तूच वाचलेस, मला तुझा आवाज आठवतोय. हिने कागद पुढे केला. कागदावर खरंच नव्हते. पण 'कंदील' हा शब्द हिच्या तोंडून मी इतका स्पष्ट ऐकलाय की लिहिताना हीच विसरली असणार. हिलाही एक कॅप्सूल सुचवली.

हिने यादीची घडी करून डब्यात ठेवून दिली. हल्ली ही फार गप्प असते.

१० ऑक्टोबर, दुपारी १.१५

सकाळची कॅप्सूल घेतली की नाही ते आठवेना. खबरदारी म्हणून एक घेतली. ऑफिसात डबी मोजली तर दोन कमी. हरकत नाही. स्मरणशक्तीचंच औषध आहे, वाया थोडंच जाणार.

आज फोकस जबरदस्त. सहाव्या शेल्फवर एक काठी आहे, तिच्या बुडाला रबर. रबरावर वर्तुळं, वर्तुळाची एक बाजू झिजलेली. म्हणजे माणूस उजवीकडे झुकून चालत होता. पुढे बरंच काही कळत गेलं. कंडक्टरबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा काउंटरवर सात माणसं होती आणि सातही जणांचं म्हणणं होतं की पाऊण तास झाला. लोकांना धीर नाही.

कंडक्टरबाई म्हणजे वीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून गुडघा गेल्यावर इकडे बदली झालेल्या. कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात दिलाय. त्यांना तयार मी केलं. पहिल्याच दिवशी नियम शिकवला: आधी खुणा सांगा, मग सामान दाखवतो. समोरचा रडो, भांडो, तुमचा सख्खा भाऊ असो, तीन खुणा ऐकल्याशिवाय हात शेल्फकडे जाता कामा नये. 'दिसली की ओळखेन' म्हणणाऱ्याला सरळ परत पाठवायचं. हा नियम कंपनीच्या पुस्तकात नाही. माझा आहे.

१३ ऑक्टोबर

आज कमालच झाली. माणूस दारातून आत आला की त्याची वस्तू मला दिसायला लागते. काखेत फाइल धरलेले एक गृहस्थ आले. बघताक्षणी कळलं: खाकी बॅग, तिसरं शेल्फ. त्यांनी तोंड उघडायच्या आत समोर ठेवली. ते म्हणाले की ते फक्त बाथरूम कुठे आहे विचारायला आलेत. मी म्हणालो, लाजू नका, सगळ्यांचंच हरवतं. बरंच समजावल्यावर घेऊन गेले.

खुणा विचारल्या नाहीत. नियम ज्यांना खात्री नसते त्यांच्यासाठी असतो.

एरवी दिवसाला दोन वस्तू मालकाकडे जातात, आज सात गेल्या. मार्चपासून पडून असलेली कवळीसुद्धा मार्गी लावली. आजोबा नातीचा डबा शोधत आले होते, पण मला त्यांचं तोंडच ओळखीचं वाटलं. त्यांनी तिथेच लावून पाहिली. म्हणाले, जरा सैल होतेय. मी म्हणालो, सवय मोडली असेल.

कंडक्टरबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. थक्क झाल्या असाव्यात.

१६ ऑक्टोबर

कवळीचे मालक आले. काय म्हणतायत ते कळेना, पण तिन्ही खुणा कागदावर लिहून दाखवल्या आणि तिन्ही रजिस्टरशी जुळल्या. त्यांच्यामागे खाकी बॅगवाल्या बाई. त्यांच्यामागे बँडमधला एक जण, त्याचं ट्रंपेट पाहिजे होतं. ट्रंपेट मी शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंना दिलंय. घेताना त्या नाही म्हणत होत्या हे आता आठवतंय.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खुणा विचारल्या होत्या का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, कॉम्प्युटर आल्यापासून काउंटरवर गर्दी आणि गोंधळ वाढलाय. मॅडमनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं.

खरं कारण: डोस कमी पडतोय. खात्री येते, पण पूर्ण येत नाही.

१७ ऑक्टोबर

हिला ती सहा पानं सापडली. चौथं पान मोठ्याने वाचून दाखवलं. मी ते शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

चौथ्या पानावर असं आहे. हे औषध अंगात असताना नेमकी आठवण कमीच येते, पण सगळं ओळखीचं मात्र वाटतं, कधी न पाहिलेलंसुद्धा. लक्ष एकाच जागी चिकटून बसतं, नाहीतर टिकतच नाही. आणि चिमूटभर डोसने हुशार झालो म्हणणाऱ्यांत असेही बरेच असतात, ज्यांना न सांगता रिकामी कॅप्सूल दिलेली असते. पक्कं अजून कुणालाच सांगता येत नाही, असं शेवटी लिहिलंय.

मी म्हणालो, ते बाकीच्यांच्या मेंदूंबद्दल आहे. ही म्हणाली की ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं, बाबांच्या वेळी आपण दोघांनी पाहिलंय.

हिने बाबांना मध्ये आणायला नको होतं.

शेवटची दोन वर्षं मी बाबांसाठी पोस्टमन होतो. ऑफिसातून आलो की विचारायचे, आज काही पत्र आहे का. मी रोज तेच एक जुनं पाकीट द्यायचो. ते रोज नव्याने उघडायचे आणि खूश व्हायचे. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणायचे, तुम्ही ओळखीचे वाटता. मी म्हणायचो, हो, याच भागात येतो मी. तेव्हा ते बासष्टचे होते. मी सत्तावन्नचा आहे.

मला भीती वाटते. हे वाक्य उद्या खोडायचं.

२२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ११

नवा संकल्प. थेंबाथेंबाने काही होत नाही. पाच कॅप्सूल एकदम घ्यायच्या, समोर रजिस्टर उघडं ठेवायचं आणि सगळं ऑफिस एका दमात डोक्यात छापून घ्यायचं. रजिस्टर काल पिशवीतून घरी आणलं. हात लावायचा नाही हा संकल्प ऑफिसातल्या रजिस्टरबद्दल होता, घरातल्या नाही.

हिला सांगितलं, डोकं दुखतंय, जरा पडतो.

दुपारी १२.४०

पडदा श्वास घेतोय. माझ्यापेक्षा संथ. रजिस्टरमधल्या ओळी जागेवर उभ्या राहायला तयार नाहीत, त्यांनाही कुठेतरी उतरायचंय.

वेळ माहीत नाही

सगळं सापडलं. हरवत काहीच नाही, फक्त शेल्फ बदलतं. हे सगळ्यांना कळवायला पाहिजे. शेल्फ. शेल्फ

२३ ऑक्टोबर

कालचं पुढचं दीड पान माझ्याच अक्षरात आहे, पण वाचता येत नाही. 'शेल्फ' एवढंच लागतं, अकरा ठिकाणी. रजिस्टरमधलं काही डोक्यात उतरलेलं दिसत नाही. मुरायला वेळ लागत असेल.

आठवतं ते असं. बाबा काउंटरवर आले. रांगेत नीट उभे राहून आले. म्हणाले, माझं हरवलंय. मी खुणा विचारल्या. त्यांना एकही सांगता येईना. मी म्हणालो, नियम आहे. ते बरं म्हणून बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मला त्यांना तसंच देऊन टाकायचं होतं, पण काय द्यायचं ते मलाही माहीत नव्हतं. मी खूप रडलो असावा, उशी ओली होती.

एक बाई दुपारभर शेजारी बसून होत्या. माझा हात हातात धरून. मधूनमधून पाणी देत होत्या, मी घाबरलो की हळूच काहीतरी बोलत होत्या. फार शांत स्वभावाच्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, तुम्ही ओळखीच्या वाटता. त्यावर त्या उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या.

आज सकाळी चहा पिताना लक्षात आलं की या घरात आम्ही दोघंच राहतो.

हिला मी काही विचारलं नाही. हिनेही विषय काढला नाही. डोळे सुजलेत हिचे. सर्दी असेल.

२६ ऑक्टोबर

मेव्हण्याला फोन केला. विचारलं की त्याला स्वतःला किती दिवसांनी गुण आला. तो म्हणाला, भावोजी, मी ते कधीच सोडलं. का सोडलं, ते विचारल्यावर बराच वेळ आठवत राहिला आणि मग म्हणाला की घरी येऊन सांगतो.

अजून सात कॅप्सूल आहेत. आता रोज एकच. पाच दिवसांत फार काही वाढायचं नाही, पण आहे ते तरी टिकेल.

स्वयंपाकघरात गॅसच्या वर कागद चिकटवलाय, बंद केलास का, असं हिच्या अक्षरात. कागदाकडे मी बघत नाही.

३१ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

पूर्ण तयारी. शर्ट इस्त्रीचा. डोकं स्वच्छ. शेल्फ डोळ्यांसमोर उभी आहेत. कालपासून तर ऑफिसात एकही वस्तू अशी नाही की जी मला ओळखीची वाटत नाही. वीसपैकी वीस.

संध्याकाळी ५.५०, बसमध्ये

लिहून टाकतो, नाहीतर मनात भलतंच रूप घेईल.

मॅडमनी टेबलावर वीस वस्तू मांडल्या. कंडक्टरबाई कॉम्प्युटरवर. मी एकदाही न अडखळता वीसही सांगितल्या. रूट, महिना, सीट, कोणाची असावी. बोलताना मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. मॅडमचा चेहरा बदलत गेला, मला वाटलं भारावल्या.

बरोबर: चार. चुकीच्या: अकरा. उरलेल्या पाच वस्तू आमच्या ऑफिसात कधी आल्याच नव्हत्या. मॅडमनी सकाळी स्वतःच्या घरून आणल्या होत्या. त्यांचा थर्मास, नवऱ्याची टोपी, घरातलं अलार्मचं घड्याळ, आणखी दोन काहीतरी. थर्मासबद्दल मी सांगितलं होतं की रूट चौदा, ऑगस्ट महिना, एक लंगडणारी नर्स विसरली होती आणि दुसऱ्या दिवशी रडत आली होती. मला ती नर्स अजून दिसतेय. तिच्या पायातली पांढरी चप्पल दिसतेय.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या की कवळीच्या प्रकरणानंतर त्यांना एवढंच बघायचं होतं, मी कधी 'माहीत नाही' म्हणतो का. पाचांपैकी एकदा जरी म्हणाला असतात तरी मी तुम्हाला काउंटरवर ठेवलं असतं, असं म्हणाल्या. त्या दोन शब्दांची एकोणतीस वर्षांत मला कधी गरजच पडली नव्हती. आठवडाभर रजा घ्या म्हणाल्या. रजा हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला.

उजेड कमी होता. खिडकीची काच पुसलेली नव्हती. थर्मास सगळे सारखेच असतात.

हिला काय सांगू. वीसपैकी चार सांगू की पुढे ढकलली म्हणून सांगू. स्टॉप आला.

६ नोव्हेंबर

मधल्या दिवसांची नोंद नाही, कारण ही वही बसमध्ये राहिली. म्हणजे बॅगच राहिली, आत वही आणि डबी. घाईने उतरलो. उतरून हिला खरं ते सांगितलं, हे मला स्वतःलाच अनपेक्षित होतं. ही बरं म्हणाली आणि डॉक्टरला फोन लावला.

बॅग कुठे गेली असेल हे सांगायला कॉम्प्युटर नको होता. आज गेलो. आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या या बाजूला उभा राहिलो. पुढे चार जण होते. काउंटर इकडून उंच आहे, हे इतक्या वर्षांत कोणी मला सांगितलं नव्हतं.

कंडक्टरबाईंनी मला बघितलं. बॅग त्यांच्या मागेच असणार, रोज माझ्या खांद्यावर त्यांनी ती पाहिलेली. त्यांनी मान खाली घातली, कीबोर्डवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, आधी खुणा सांगा.

मी म्हणालो काळी. त्यांनी काही टाइप केलं नाही. मी म्हणालो, तपकिरी असेल. चेन आहे. पट्टा आहे. मागच्या माणसाने घड्याळ बघितलं. मी डोकं इतकं ताणलं की कपाळाला घाम फुटला. समोर नुसती बॅग दिसत होती, कुठलीही, सगळ्यांची. शेवटी मी म्हणालो, दिसली की ओळखेन.

कंडक्टरबाईंचे डोळे भरले. पण शेल्फकडे हात नेला नाही. तयार मी केलंय त्यांना. मला म्हणाल्या की बाजूला बसा, वहिनींना फोन करते. मी रांगेतून बाजूला झालो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

ही अर्ध्या तासात आली. बसच्या गर्दीने केस विस्कटलेले, पायात घरातल्याच चपला. काउंटरवर हात ठेवून सांगितलं: निळी. चेन तुटल्यावर मीच लाल दोऱ्याने शिवलीय. आतल्या कप्प्यात डॉक्टरची चिठ्ठी असेल, तीन ऑक्टोबरची, सकाळी दहाची. तिन्ही बरोबर. ती चिठ्ठी मी नीट ठेवली होती असं मी म्हणालोच होतो. त्या दिवशी त्याऐवजी काय केलं, ते या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

सही हिने केली. बॅग हिच्या ताब्यात, मीही.

बसमध्ये हिच्याकडे न बघता हिच्या तीन खुणा मनात म्हणून पाहिल्या. डाव्या कोपराजवळ भाजल्याचा डाग आहे. हसायच्या आधी नाक मुरडते. तिसरी आहे, लिहीत नाही. मग मी हिला म्हणालो की त्या रविवारी माझ्याजवळ बसलेली बाई तू होतीस. ही म्हणाली, हो. आमचा स्टॉप येईपर्यंत हिने माझा हात सोडला नाही.

९ नोव्हेंबर, दुपारी १२

डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाई आहेत, हिच्याच वयाच्या. तयारीनिशी गेलो होतो: आज तारीख काय, वार काय, सगळं पाठ. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की काही घेता का. मी इकडे तिकडे बघितलं. हिने डबी टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी चाचणीचे कागद फाइलमध्ये परत घातले. म्हणाल्या, आज तपासून काही अर्थ नाही. यातलं विसरणं किती कॅप्सूलचं, किती भीतीचं आणि किती तुमचं स्वतःचं, हे आत्ता कोणालाच वेगळं करता येणार नाही. सहा आठवडे काहीही घेऊ नका, झोप नीट घ्या आणि मग या. कदाचित काहीच नसेल. कदाचित असेल.

म्हणजे महिनाभर जे टाळायला धडपडलो, ते सहा आठवडे पुढे गेलं, आणि तेही माझ्याच कर्तबगारीने. मी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. त्या म्हणाल्या, माहीत नाही. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि किती सहज म्हणाल्या.

डबी हिने तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी अडवलं नाही. मोजल्याही नाहीत.

पुढची तारीख डॉक्टरांनी दोनदा सांगितली. हिने रस्त्यात तीनदा विचारून घेतली. तिसऱ्यांदा मी बरोबर सांगितली असावी, कारण हिने मान हलवली. आता लिहायला बसलो तर चिठ्ठी हिच्या पर्समध्ये आहे आणि ही खाली गेलीय. डिसेंबरातली आहे, एवढं नक्की.

ऐकली की ओळखेन.